फोन तुमच्या नावावर, कारभार कुणाच्या हाती?

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत आली आहे. सगळे व्यवहार मोबाइलवर गेले, आणि मोबाइलवरचे सगळे दुसरेच कुणीतरी करते: पुतण्या, सून, झेरॉक्सवाला, ऑफिसातला नवा मुलगा. आमचे म्हणणे थोडे कडक वाटेल. मदत जरूर घ्यावी. पण ज्या कामावर सही तुमची आणि नुकसानही तुमचेच, त्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवू नये. पाच पत्रांना उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

साखर कारखान्यातून निवृत्त झालो, वय ६७. ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन मिळते. वीजबिल, गॅसचे बुकिंग, हयातीचा दाखला, सगळे पुतण्या करतो. यूपीआयचा पिनही त्यालाच माहीत. आता तो नोकरीसाठी पुण्याला चालला आहे. मला यातले काही येत नाही. जवळच्या केंद्रातल्या मुलाकडे फोन दिला तर चालेल का?
– एक वाचक, कोपरगाव

केंद्रातल्या मुलाकडून काम करून घ्या, पण फोन आणि पिन त्याच्या हातात देऊ नका. पुतण्या जायच्या आत चार-पाच दिवस रोज तासभर त्याला शेजारी बसवा आणि सगळे तुमच्या बोटांनी करा. त्याने तोंडाने सांगायचे, स्क्रीनला हात लावायचा नाही. तो झरझर करून दाखवेल तेव्हा सोपे वाटते आणि दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. बोट आपले फिरले तरच लक्षात राहते.

सर्वांत आधी ओटीपी कुठे जातो ते पाहा. घरातल्या मुलाने सगळे सांभाळले की पेन्शनच्या नोंदीत किंवा गॅसच्या खात्यात त्याचा नंबर आणि ईमेलला त्याचाच पर्यायी नंबर लागलेला असतो, हे फार घरांत सापडते. वाईट हेतूने नाही, त्या वेळी तोच फोन हाताशी होता म्हणून. बँक, आधार, पेन्शन, गॅस आणि ईमेल या पाच ठिकाणी कोणता नंबर नोंदवला आहे ते वहीत लिहा. जिथे तुमचा नसेल तिथे आधी तो बदला. बँकेचा नंबर शाखेत अर्ज देऊन बदलतो, आधारचा आधार केंद्रात. ही दोन कामे पुतण्या गावात असतानाच उरकून घ्या.

मग यूपीआयचा पिन. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डावरची मुदत टाकली की नवा पिन ठरवता येतो. कार्ड नसेल तर बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवरही होतो. जन्मसाल आणि गाडीचा नंबर टाळा. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा: पिन लागतो तो पैसे पाठवताना आणि शिल्लक पाहताना. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' असे कुणी म्हणाले तर तो पैसे काढून घेतो आहे.

पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका, असा आमचा आग्रह आहे. दुसरे एक साधे बचत खाते ठेवा, महिन्याला पाच हजार रुपये त्यात वळवा आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला लावा. शिकताना चूक होणारच. ती पाच हजारांच्या कुंपणात झाली तर झोप उडत नाही. कुंपण असले की माणूस धीटपणे शिकतोही.

आता हयातीचा दाखला. ईपीएसच्या पेन्शनरांना नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहण्याची गरज नाही. दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. चेहऱ्यावरून दाखला देण्यासाठी अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात: 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. पहिले ॲप उघडून काही दिसत नाही म्हणून लोक ते काढून टाकतात आणि मग दुसरे चालत नाही. पहिले आतून काम करते, ते राहू द्या. आधी 'ऑपरेटर' म्हणून कुणाच्या तरी चेहऱ्याची पडताळणी होते. तो ऑपरेटर तुम्ही स्वतःही असू शकता. त्यानंतर पेन्शनर म्हणून आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरी आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाची निवड.

बहुतेक दाखले याच टप्प्यावर चुकतात. पीपीओमधला एखादा आकडा गळतो किंवा यादीतून भलतेच कार्यालय निवडले जाते. ॲप तक्रार करत नाही, 'प्रमाण आयडी'चा एसएमएसही येतो, आणि पेन्शन मात्र थांबते. एसएमएस आला म्हणजे दाखला तयार झाला एवढेच. तो कार्यालयाने स्वीकारला की नाही हे आठवड्याभराने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर तो आयडी टाकून पाहावे लागते. चेहरा घेतला जात नसेल तर खिडकीकडे पाठ न करता खिडकीकडे तोंड करा, चष्मा काढा, कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा आणि ॲप सांगेल तेव्हा पापण्या सावकाश मिटा. तरीही जमले नाही तर पोस्टमनमार्फत घरबसल्या दाखला देण्याची सोय आहे, पोस्टात विचारा.

वहीत काय लिहावे? पीपीओ क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, वीजबिलाचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, आणि प्रत्येक कामाच्या पायऱ्या तुमच्या शब्दांत. पिन आणि पासवर्ड मात्र त्या वहीत नाहीत.

ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. उघडली, पण काही दिसले नाही. रात्रीत खात्यातून ८६ हजार रुपये गेले. मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता. शनिवार-रविवार असल्याने सोमवारी शाखेत गेले, तर 'चूक तुमची' म्हणून हात वर केले. खरेच चूक माझी का?
– एक वाचक, नाशिक

तुमच्या हातून एक चूक झाली, पण म्हणून सगळे नुकसान तुमच्या माथी मारता येत नाही. दोन्ही गोष्टी नीट पाहू.

ती पत्रिका नव्हतीच. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे ॲप. पत्रिका, फोटो किंवा वाहतूक दंडाची पावती कधीही एपीके नसते. ती पीडीएफ असते किंवा चित्र असते. तुम्ही फाइलवर बोट ठेवले, फोनने 'अज्ञात ठिकाणाहून ॲप बसवू द्यायचे का' असे विचारले, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. 'हो, हो' म्हणत गेलो की ॲप आत बसते, त्याचे चित्रही स्क्रीनवर दिसेनासे होते आणि येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडे परस्पर जातो. म्हणून तुम्ही कुणाला न सांगताही ओटीपी गेला. ज्यांच्या नंबरवरून पत्रिका आली, त्यांचाही फोन आधीच असाच फसलेला असणार. त्यांना व्हॉट्सॲपवर नको, साधा फोन करून कळवा.

आता जबाबदारीचा हिशेब. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तो मांडून दिला आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. संदेश आला तो दिवस यात मोजत नाहीत. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत भार ग्राहकावर. सात दिवसांनंतर बँकेच्या मंडळाने ठरवलेले धोरण लागू. ग्राहकाचाच निष्काळजीपणा असेल, म्हणजे पिन-पासवर्ड त्यानेच सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. शाखेतल्या माणसाने तोंडी 'चूक तुमची' म्हणणे पुरेसे नाही.

शनिवार-रविवारी शाखा बंद होती म्हणून थांबलात, तिथे वेळ गेला. व्यवहाराच्या एसएमएसमध्येच कळवण्याचा नंबर असतो आणि तो चोवीस तास चालतो. तरी कामकाजाच्या दिवसांच्या हिशेबाने तुम्ही तीन दिवसांच्या आतच दिसता. आज लेखी अर्ज द्या. त्यात व्यवहारांची वेळ, रक्कम, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, 'मी ओटीपी कुणाला सांगितलेला नाही' हे वाक्य आणि २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख असू द्या. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार अजून केली नसेल तर तीही आजच करा.

ज्यांच्यावर अशी वेळ आत्ता या घडीला आली आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो, कारण घाबरल्यावर क्रमच चुकतो. फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. चोराचा रस्ता तिथेच तुटतो. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, वाटेत अडवायचे तर पहिले तास-दोन तास मोलाचे. लगेच बँकेच्या नंबरवर खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच फोनवरून बदलाल तर नवा पासवर्डही चोराला दिसेल. यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडून अनोळखी नाव शोधा, 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या दोन जागी त्याला परवानगी दिली आहे का पाहा, कॉल फॉरवर्डिंग सुरू आहे का तेही पाहा. त्या दुष्ट ॲपचे स्क्रीनशॉट तक्रारीसाठी काढून ठेवा. शेवटी फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसते ॲप काढून भागत नाही, कारण अशी काही ॲप आपल्याबरोबर दुसरे बसवून ठेवतात. आणि रिसेटनंतर व्हॉट्सॲपमधली ती फाइल पुन्हा उघडू नका; बॅकअपमधून ती परत आलेली असते.

इचलकरंजीत कर सल्लागाराच्या कार्यालयात २२ वर्षे हिशेब लिहितो. वय ४८. आता बिले स्कॅन केली की सॉफ्टवेअर आपोआप नोंदी टाकते. नव्या मुलांना एआय येते, मला टॅली आणि एक्सेलमधली बेरीज येते. माझी नोकरी राहील का? या वयात काय शिकू?
– एक वाचक

बिल पाहून नोंद टाकणे एवढेच काम असेल तर ते काम जाणार आहे. खोटा धीर देणार नाही. पण बावीस वर्षांत तुम्ही दुसरेही काही शिकला आहात: कोणता सूतव्यापारी रिटर्न उशिरा भरतो, कोणत्या यंत्रमागवाल्याची बिले दोनदा येतात, कोणत्या बिलावरचा कर डोळ्यांना खटकतो. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नाही. तुमचे पुढचे काम नोंद टाकण्याचे नाही, नोंद तपासण्याचे आहे, आणि त्यासाठी शिकायचे ते फार नाही.

सुरुवात खरेदीच्या ताळमेळापासून करा, कारण पैसा तिथेच अडकतो. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटीआर-२बी (खरेदीवर मिळू शकणाऱ्या कर-क्रेडिटचा उतारा) दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि मासिक भरणाऱ्यांची ३बी (कर भरण्याचे रिटर्न) २० तारखेला द्यायची. मधल्या सहा दिवसांत आपली खरेदीवही आणि २बी जुळवायची. बहुतेक ठिकाणी हे अजूनही प्रिंट काढून, पेन्सिलीने टिक करत चालते. एक्सेलमध्ये तेच काम तासाभराचे आहे.

दोन्ही याद्या एका फाइलमध्ये दोन पानांवर घ्या. बिल क्रमांकाचा रकाना डकवण्याच्या आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर '३-२४' हा बिल क्रमांक एक्सेल मार्च २०२४ ही तारीख समजते, '००४५' चे '४५' करते, आणि जुळवणी फसल्यावर कारण सापडत नाही. मग 'ट्रिम'ने मोकळ्या जागा काढा, तिरप्या आणि आडव्या रेघा 'सब्स्टिट्यूट'ने काढा, आणि पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) व साफ केलेला बिल क्रमांक जोडून एक खूण तयार करा. त्या खुणेवर 'एक्सलुकअप' लावा. जुन्या एक्सेलमध्ये 'व्हीलुकअप' लावा, तेव्हा खुणेचा रकाना सर्वांत डावीकडे हवा. रकमेत एक-दोन रुपयांचा फरक पूर्णांकाचा असतो, तो सोडा. क्रेडिट नोटचे चिन्ह उलटे नाही ना ते पाहा. त्रैमासिक रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराने तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (बिले मध्येच कळवण्याची सोय) टाकली नसतील तर ती तिमाही संपल्यावरच दिसतील. ती 'हरवलेली' नसतात.

हे जमले की पायऱ्या वर चढत जातात. 'समइफ्स' आणि पिव्होट टेबल, मग पॉवर क्वेरी, म्हणजे साफसफाईच्या पायऱ्या एकदा बसवायच्या आणि पुढच्या महिन्यात फक्त 'रिफ्रेश' दाबायचे. रोज पाऊण तास, घरी, स्वतःच्या संगणकावर, कार्यालयातल्याच मागच्या महिन्याच्या फाइलची प्रत घेऊन आणि पक्षकारांची नावे पुसून. दोन महिन्यांत हात बसतो. महागड्या क्लासची घाई नको. क्लासमधली उदाहरणे फळांच्या दुकानाची असतात, तुमची सुताची आहेत.

एआयचे पाहू. त्याला सूत्र लिहून मागा, किचकट नोटिशीतला परिच्छेद सोप्या मराठीत मागा, उत्तराचा कच्चा मसुदा मागा. ही कामे तो चांगली करतो. कलम, अधिसूचनेचा क्रमांक आणि न्यायालयाचे निकाल मात्र तो ठासून चुकीचे सांगतो, कधी अस्तित्वातच नसलेले सांगतो. असा प्रत्येक आकडा मूळ कायद्यात पाहिल्याशिवाय कागदावर जाऊ देऊ नका. पक्षकाराचा जीएसटीआयएन त्यात टाकू नका. पंधरा अक्षरांतली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा म्हणजे त्याचा पॅनच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्या मुलांना बऱ्याचदा नसते. स्कॅनवाल्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची असेल तर तुम्ही हाताने पूर्ण केलेला एखादा जुना महिना त्याच्याकडून पुन्हा करून घ्या आणि चुका मोजा. वाकडी छापलेली बिले, हाताने लिहिलेली बिले आणि एकाच बिलावर दोन कर दर, इथे चुका जास्त सापडतील. ती यादी मालकांसमोर ठेवा. त्या यादीवरून तुमची किंमत तुम्ही न बोलता त्यांना कळेल.

'संगणकाने केले' हे उत्तर नोटिशीला चालत नाही. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेले कराचे क्रेडिट परत करावे लागते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. इचलकरंजीत उधारीचा धागा किती लांब असतो ते तुम्ही जाणता. पक्षकाराला वेळेवर फोन करून हे सांगणारा माणूस कार्यालयाला हवाच असतो. तो तुम्ही व्हा.

सोयाबीन आहे. ई-पीक पाहणी ॲप 'तुम्ही गटापासून दूर आहात' म्हणते. गेल्या वर्षी दुसऱ्याकडून करून घेतली तर सातबाऱ्यावर भलतेच पीक लागले. तलाठ्यांनीच का करू नये?
– एक शेतकरी, औसा

पूर्वी तेच करत, आणि पीक उभे नसताना गावात बसून भरलेल्या पाहणीवर शेतकरीच बोट ठेवत होते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची पद्धत आली. तुमच्या शेतात काय आहे हे तुमच्याइतके कुणाला माहीत नाही, त्यामुळे हा हक्क सोडू नका.

'दूर आहात' असे येण्याचे कारण बहुधा फोनचे जीपीएस. बांधावर झाडाखाली किंवा गोठ्यात उभे राहू नका. शेताच्या मध्यावर, मोकळ्या आभाळाखाली जा, लोकेशन 'अचूक' वर ठेवा, बॅटरी बचत बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि मगच फोटो काढा. तरीही नाही जमले तर निवडलेला गट क्रमांक तपासा. भावकीत वाटणी झालेली असेल तर पोटहिश्श्याचा गट चुकून दुसराच निवडला जातो. शेतात रेंज नसेल तर माहिती भरून ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर 'अपलोड' झाले का ते आवर्जून पाहा. कित्येक पाहण्या फोनमध्येच पडून राहतात. नोंद केल्यापासून ४८ तासांत तुम्हाला ती स्वतः दुरुस्त करता येते. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्ही क्षेत्रे वेगळी भरा. विम्यात एक पीक आणि गाव नमुना बारावर दुसरे, अशी तफावत पडली की दावा अडकतो.

साधाच फोन असेल तर मुदतीनंतर पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहाय्यकामार्फत नोंद होते. तेव्हा स्वतः शेतात उभे राहा आणि स्क्रीनवरचे पीक वाचून घ्या.

यजमान मार्चमध्ये अचानक गेले. बँक, विमा, म्युच्युअल फंड, सगळे त्यांच्या फोनवर. मला फोन उघडता येतो, यूपीआयचा पिनही ठाऊक आहे. भाऊ म्हणतो, पैसे आधी तुझ्या खात्यात वळव, मग बाकीचे बघू. सिमही बंद करावे का?
– एक वाचक, रत्नागिरी

ताई, तुमच्या दुःखात हे सगळे अंगावर पडले आहे. दोन गोष्टी आत्ता करू नका, एवढे आधी सांगतो.

पिन ठाऊक असला तरी त्या फोनवरून पैसे वळवू नका. खातेदार गेल्यानंतर त्यांच्या पिनने केलेला व्यवहार त्यांच्या संमतीचा राहत नाही, आणि पुढे दुसऱ्या वारसाने विचारले तर तुम्ही हकनाक अडचणीत याल. नामनिर्देशन तुमच्या नावाने असेल तर मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि तुमचे ओळखपत्र यावर बँक पैसे देते. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. नामनिर्देशित व्यक्तीला मिळालेले पैसे ती वारसांच्या वतीने स्वीकारते, ती आपोआप एकटी मालक होत नाही. मुले सज्ञान असतील तर त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या.

आणि सिम बंद करू नका. निदान वर्षभर छोटे रिचार्ज करत राहा. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि काही काळाने तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग यजमानांच्या नावाचे संदेश त्याच्याकडे जातात.

तो फोन आता वाचायला वापरा, पैसे पाठवायला नाही. एसएमएस आणि ईमेलमध्ये 'प्रीमियम', 'पॉलिसी', 'फोलिओ', 'ईएमआय', 'स्टेटमेंट' हे शब्द इंग्रजीतून शोधा. मागच्या तेरा महिन्यांचे संदेश पाहा, कारण वार्षिक हप्ता वर्षातून एकदाच दिसतो. बँकेच्या उताऱ्यात दरवर्षी ठरावीक तारखेला जाणाऱ्या लहान रकमांवर खूण करा. ४३६ रुपये दिसले तर ती बहुधा जीवनज्योती विमा योजना, म्हणजे दोन लाखांचा विमा. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा योजना, ती अपघाती मृत्यूसाठी. या दोन ओळी न दिसल्याने कित्येक घरांनी दावाच केलेला नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅटचा एकत्रित उतारा ईमेलवर येत असतो, तो एक सापडला तरी निम्मी यादी हाती येते. मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती काढून ठेवा. फार जुनी, विसरलेली ठेव असेल असे वाटले तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून शोधता येते.

हे उरकत आले, मन थोडे थाऱ्यावर आले, की एक काम तुमच्या स्वतःच्या फोनवर करून ठेवा. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' आहे. खाते किती काळ वापरले गेले नाही तर पुढची कारवाई व्हावी, हे तिथे निवडता येते: ३, ६, १२ किंवा १८ महिने. कुणाला कळवायचे तेही ठरवता येते, दहा जणांपर्यंत. मुलाचे नाव घाला. त्याच खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून दहा राखीव कोड छापून घ्या. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना बाद होतो. तो कागद रेशनकार्ड आणि विम्याच्या पॉलिसी असलेल्या पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठे आहे ते मुलाला दाखवून ठेवा.